ल्वारच्या काठावरची छोटी पाटी

पुण्यात सायकल मार्गांचा विषय निघाला की माझ्या धाकट्या भावाची तीन वाक्ये ठरलेली असतात: आपल्याकडे रस्त्यांना रुंदी नाही, वाहनचालकांना शिस्त नाही आणि ऊन सोसवत नाही. महापालिकेने 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केल्यापासून आमचा हा वाद फोनवर चालू आहे. फ्रान्समध्ये येऊन पाहा, इथे सायकलींना स्वतंत्र मार्ग असतात, हे माझे उत्तरही ठरलेलेच होते. गेल्या जूनमध्ये ब्लवा ते अंब्वाज हे साधारण 40 किलोमीटर सायकलने गेल्यावर मात्र ते मला मागे घ्यावे लागले.

ऑर्लेआँहून सकाळच्या रेल्वेने, सायकल डब्यातच घेऊन, मी ब्लवाला उतरलो. ल्वार नदीच्या सोबतीने सुमारे 900 किलोमीटर जाणारा ‘ल्वार आ व्हेलो’ हा प्रसिद्ध मार्ग या गावातून जातो. कुठे कुठे सायकलींची वेगळी वाट मिळते खरी. पण शोमोंच्या किल्ल्यापुढे चढ चढून द्राक्षमळ्यांच्या पठारावर आलो, तेव्हा चाकाखाली होता तो गावांना जोडणारा साधा, अरुंद डांबरी रस्ता, आणि वळणावळणावर सायकलचे चित्र असलेली छोटी पाटी. ‘मार्ग’ म्हणून जे मी इतकी वर्षे मिरवत होतो, त्याचा मोठा भाग एवढाच होता.

मोन गावाच्या अलीकडे द्राक्षांच्या ओळींवर पाय फाकून चालणारा तो उंच ट्रॅक्टर माझ्या मागे आला आणि समोरून येणारी मोटार निघून जाईपर्यंत भोंगा न वाजवता मागेच राहिला. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडावे, असा इथला कायदा आहे. भाऊ ज्याला शिस्त म्हणतो, ती रक्तातून येत नसून अशा मोजता येणाऱ्या अंतरातून येते, असे मला त्या ट्रॅक्टरपुढे पेडल मारताना वाटले. (उन्हाचा मुद्दा मी त्याला देऊन टाकला आहे. दुपारी बेकरी बंद होती, पाणी संपले होते आणि शेवटी दफनभूमीतल्या नळावर बाटली भरावी लागली. हात जरा कचरलाच.)

आणखी एक गोष्ट मी त्याला आजवर सांगितली नव्हती. दिवसभरात भेटलेले सायकलस्वार बहुतेक सुट्टीवर आलेले होते, त्यांत निवृत्त डच आणि जर्मन जोडपी अधिक. गावकरी पाव आणायलाही मोटारीने जात होते. आपल्याकडे चित्र उलटे आहे: गावात सायकल ही गरजेची वस्तू आहे आणि मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवरून मुली शाळेत जातात. त्या ज्या रस्त्याने जातात, तिथे डंपरने किती अंतर सोडावे, यावर आम्ही दोघे भाऊ कधी भांडलो नाही.

“म्हणजे कर्वे रस्त्यावर वेगळा मार्ग नको म्हणतोस?” त्याने विचारले. तिथे तो हवाच, कारण बसगाड्यांच्या गर्दीत दीड मीटर आणायचे कुठून? पण आमच्या आजोळच्या रस्त्याला वेगमर्यादा आणि एक पाटी लावायला रुंदीकरणाची वाट पाहावी लागत नाही, यावर त्याच्याकडे चौथे वाक्य तयार नव्हते.