‘हलक्या स्की गळ्यात मारल्या’ या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की आम्ही रुंद, हलक्या स्की गळ्यात मारल्या, गुलमर्गच्या टणक बर्फावर त्या थरथरल्या, मित्राच्या जड स्की त्याहून भारी चालल्या, आणि कोल्हापुरात बसून आम्हाला बर्फातलं काय कळतंय. हे वाचून इतर लोकही खरेदी ठरवतील, म्हणून नीट सांगतो.

दुकानात आलात तेव्हा तुमची मागणी स्पष्ट होती: गोंडोला (डोंगरावर नेणारा रोपवे) सोडून स्वतःच्या पायांनी चढायचं आणि ताज्या, भुसभुशीत बर्फात उतरायचं. त्यावरूनच ही जोडी काढली. बुटाखाली १०६ मिलिमीटर रुंदी, एका स्कीचं वजन साधारण दीड किलो. मित्राची स्की ११८ मिलिमीटरची, दोन किलोच्या वर. गोंडोलानं वर अफरवट डोंगरावर जाऊन उतरणाऱ्याला हे वजन आड येत नाही, उलट तुडवलेल्या बर्फातून जड स्की रेटून निघते. पण तळाला स्किन्स (चढताना मागं घसरू न देणाऱ्या पट्ट्या) लावून तासन् तास चढायचं असेल तर दर पावलाला अर्धा किलो जादा ओढावा लागतो, स्किन्सही रुंद आणि जड घ्याव्या लागतात. टणक उतारावर आडवं चालताना रुंद स्कीची कड बुटापासून लांब पडते आणि घोट्याला पीळ बसतो. तुमचे बूट हलके, टूरिंगचे, म्हणजे चढून जायचे आहेत. ११८ची जड स्की वळवायला ते पुरले नसते.

आता थरथर. हलक्या स्कीत पॉलोनियासारखं हलकं लाकूड आणि कार्बन असतं. कार्बन ताठ असतो, पण धक्का जिरवत नाही. ते काम जड स्कीतला धातूचा पत्रा आणि तिचं वजन करतं. शिवाय ताज्या बर्फावर तरंगावी म्हणून पुढचं टोक लांबपर्यंत वर उचललेलं असतं, त्यामुळं टणक बर्फावर कड कमी टेकते. चिखलणीला ट्रॅक्टरला लावलेली केज व्हील डांबरी रस्त्यावर हादरणारच. हे सगळं विकतानाच सांगितलं होतं.

बीकन (गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं यांचा ‘आग्रह’ केला, हीही तुमची तक्रार आहे. तो आग्रह मी पुढंही करणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गलाच हिमस्खलनात एका परदेशी स्कीअरचा जीव गेला. गाडलेल्या माणसाला वाचवायला हातात पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात, तेवढ्यात बाहेरून मदत पोचत नाही. सोबतच्या माणसांनीच शोधायचं आणि उकरायचं. तिन्ही वस्तू प्रत्येकाकडं हव्यात, आणि वापरायचा सरावही हवा.

कोल्हापुरात बर्फ पडत नाही, खरं आहे. इथं घेतलेली जोडी त्याच दिवशी उतारावर चालवून बदलता येत नाही. म्हणून तर कुठं जाणार, किती चढणार, बूट कोणते, हे विचारल्याशिवाय आम्ही स्की देत नाही.

स्की घेऊन या. कडांना धार लावून देतो, बाइंडिंगची (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीची) बसवणी तुमच्यासमोर तपासतो, पैसे नाहीत. यापुढं गोंडोलानंच जायचं ठरवलं असेल तर ही जोडी परत घेऊन जड जोडी देतो, किमतीतला फरक तेवढा बघू. चढायचं असेल तर मात्र हीच ठेवा. सोमवार सोडून कधीही या, मी दुकानातच असतो.