अटॅक आला, रिपोर्ट नॉर्मल. मग कोलेस्टेरॉल निर्दोष?

व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा तोच मजकूर फिरतोय: ‘हार्ट अटॅक आलेल्या निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल असतं, म्हणजे त्याचा हृदयाशी संबंधच नाही. मेंदूला तर ते लागतंच. कमी करू नका, ही औषध कंपन्यांनी घातलेली भीती आहे.’

पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, आणि म्हणूनच फसवं. रिपोर्टवरचं ‘नॉर्मल’ म्हणजे बिनधोक नव्हे. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल, वाढेल तसा धोका चढत जातो, एखाद्या आकड्यापाशी तो अचानक सुरू होत नाही. बहुसंख्य माणसं मधल्या पट्ट्यातच असतात, मग रुग्णही तिथलेच जास्त निघणार. शिवाय तंबाखू, रक्तदाब, मधुमेह हेही आपापला वाटा उचलतातच. सिगारेट न ओढणाऱ्यालाही अटॅक येतो, म्हणून सिगारेटला सोडून द्यायचं का? आणखी एक गोष्ट: अटॅकनंतर काही तासांतच कोलेस्टेरॉल उतरू लागतं. रक्त नेमकं कधी घेतलं होतं, हे मजकूर पुढे ढकलणारा विचारत नाही.

‘संबंधच नाही’ याचं माझ्या मते सगळ्यात चोख उत्तर जनुकांत आहे. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेल्या काही मुलांत रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे रिसेप्टर जवळजवळ कामच करत नाहीत. या मुलांना कधी कधी शाळकरी वयात अटॅक येतो. ना व्यसन, ना नोकरीचा ताण. ही यंत्रणा उलगडणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं. याच्या उलटही घडतं. पीसीएसके९ जनुकातल्या बदलामुळे काहींचं एलडीएल जन्मापासूनच कमी राहतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा कृष्णवर्णीय अमेरिकनांचं एलडीएल २८ टक्के कमी होतं आणि हृदयविकाराचा धोका तब्बल ८८ टक्के कमी!

मेंदूचं म्हणाल, तर तो आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो; रक्तातलं त्याच्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाही.

राहिल्या औषध कंपन्या. सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून धमन्यांत थर जमतो, हे रशियन शास्त्रज्ञ अनिचकोव्ह यांनी १९१३ मध्ये दाखवलं. कोलेस्टेरॉल उतरवणारी पहिली स्टॅटिन गोळी बाजारात आली १९८७ मध्ये. गोळी विकण्यासाठी ७४ वर्षं आधी ससे कामाला लावणारी कंपनी अजून माझ्या ऐकिवात नाही. गोळी कुणाला खरंच हवी आणि कुणाला नको, यावर मात्र डॉक्टरांशी जरूर वाद घाला.