सोळा डॉलर देऊन ऐकलेले खोटे

गेल्या रविवारी ओहायोतल्या आमच्या काउंटीच्या फेअरग्राउंडवर भरलेल्या गन शोला मी गेलो, आणि चार दिवस उलटून गेले तरी तिथून घेऊन आलेला संताप उतरलेला नाही. प्रवेशाचे १६ डॉलर आणि गाडी उभी करण्याचे १० डॉलर असे २६ डॉलर मोजून मी त्या सभागृहात पाऊल टाकले तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. दारावरच्या फलकावर प्रदर्शन चार वाजेपर्यंत चालू राहील असे ठळक अक्षरांत लिहिले होते. प्रत्यक्षात तिसरा हिस्सा टेबलांवर चादरी पसरलेल्या होत्या, काही विक्रेते खोकी बांधून हातगाडीवर चढवत होते, आणि ज्यांनी अजून आवरले नव्हते त्यांच्यातले अनेक जण खुर्चीत रेलून मोबाइल पाहत होते. तिकीट मात्र पूर्ण दिवसाचे. खिडकीवरच्या बाईंना विचारले, तर दर सर्वांना सारखाच आहे, एवढेच उत्तर मिळाले. दर सारखा ठेवायचा असेल तर माल आणि माणसेही चार वाजेपर्यंत जागेवर ठेवा, एवढी साधी अपेक्षाही या लोकांना जड वाटते.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडे सांगतो, कारण तिकडे या प्रदर्शनांविषयी फार चुकीच्या कल्पना आहेत. गन शो म्हणजे शनिवार-रविवारी भाड्याच्या सभागृहात टेबले मांडून भरणारा बाजार. परवानाधारक व्यापाऱ्यांना त्यांच्या स्वतःच्या राज्यातल्या अशा प्रदर्शनांत विक्री करण्याची मुभा १९८६ च्या केंद्रीय कायद्यात दिलेली आहे. व्यापाऱ्याकडून घेताना दुकानात भरावा लागतो तोच ४४७३ क्रमांकाचा अर्ज इथेही भरावा लागतो, आणि नोव्हेंबर १९९८ पासून सुरू असलेली एफबीआयची पार्श्वभूमी तपासणीही इथे होते. त्याच राज्यात राहणारा खासगी मालक आपली वैयक्तिक बंदूक विकत असेल तर ओहायोत त्याला ही तपासणी करावी लागत नाही. या मुद्द्यावर देशभर मोठा वाद आहे आणि तो रास्तही आहे, परंतु आजची माझी तक्रार गिऱ्हाईक म्हणून आहे. कायदा पाळून, पैसे घेऊन, सरळ मनाने आलेल्या माणसाला इथे ज्या तऱ्हेने नाडले जाते त्याविषयी मला बोलायचे आहे.

आधी भावांचे पाहा. २०२० मध्ये काय झाले ते इथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आदल्या वर्षी सुमारे २ कोटी ८३ लाख असलेल्या पार्श्वभूमी तपासण्या त्या वर्षी ३ कोटी ९६ लाखांवर गेल्या, दुकानांतली काडतुसांची फळी रिकामी झाली, आणि ९ मिलिमीटरच्या ५० काडतुसांचा जो डबा मी बारा डॉलरला घेत असे तो याच प्रदर्शनात चाळीस डॉलरला विकला गेला. टंचाईत भाव चढतात हे मी समजू शकतो, आणि त्या वेळी मी तक्रार केली नाही. आज टंचाई संपली आहे. माझ्या घरापासून दहा मिनिटांवरच्या दुकानात तोच डबा १४ डॉलरला पडून आहे. रविवारी एका टेबलावर त्याची किंमत २२ डॉलर लावलेली होती, आणि त्या डब्याच्या कडेला मोठ्या साखळी दुकानाची किंमतचिठ्ठी अर्धवट खरवडलेल्या अवस्थेत अजून चिकटलेली होती. शेजारच्या दुकानातून आणायचे, चिठ्ठी खरवडायची आणि जो माणूस आत येण्यासाठीच सोळा डॉलर देऊन बसला आहे त्याच्या गळ्यात आठ डॉलर जास्त घेऊन मारायचे, याला व्यापार म्हणायला माझी जीभ धजत नाही.

नव्या पिस्तुलांचीही हीच गत आहे. दुकानापेक्षा चाळीस-पन्नास डॉलर अधिक किंमत, त्यावर विक्रीकर, कार्डाने पैसे दिले तर साडेतीन टक्के वेगळे, आणि या सगळ्यावर पार्श्वभूमी तपासणीचे म्हणून २५ डॉलर. या तपासणीसाठी एफबीआय व्यापाऱ्याकडून एक सेंटही घेत नाही. मी हे त्या गृहस्थाला सांगितले तेव्हा हा आमच्या वेळेचा मोबदला आहे असे तो म्हणाला. वेळेचा मोबदला घ्यायचा असेल तर चिठ्ठीवर तसे लिहा. सरकारी शुल्क असल्याचा भास निर्माण करून पैसे उकळणे ही उघड लबाडी आहे.

आणि हे निदान बंदुकांचे व्यापारी तरी होते. उरलेल्या टेबलांवर सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या, हलक्या प्रतीचे सुरे, झेंडे, बोधवाक्ये छापलेले टी-शर्ट आणि पाठ चेपण्याची यंत्रे होती, आणि एका कोपऱ्यात तर घराच्या छताच्या पन्हाळी बसवून देणारी कंपनी माझा फोन नंबर मागत उभी होती. टेबलाचे भाडे जो देईल त्याला जागा, मग त्याचा बंदुकांशी संबंध असो वा नसो. याच ओहायोत विल्मिंग्टनला १९३७ पासूनची बंदूक संग्राहकांची संघटना सभासदांसाठी आपली प्रदर्शने भरवते, तिथे माणसे केवळ दाखवण्यासाठी आणि समजावून सांगण्यासाठी दुर्मीळ वस्तू मांडतात. तिकडे ओक्लाहोमातल्या टल्सामध्ये चार हजारांहून अधिक टेबलांचे प्रदर्शन वर्षातून दोनदा भरते आणि दूरदूरच्या राज्यांतून लोक गाडी हाकत येतात. म्हणजे ही गोष्ट नीट करता येते, हे सिद्ध झालेले आहे. आमच्या काउंटीतले आयोजक मात्र गर्दी घटली म्हणून गिऱ्हाइकांना आणि इंटरनेटला दोष देतात. गाड्यांचा तळ अर्धा भरलेला होता, पण बाहेर पडणाऱ्या दहांपैकी नऊ जणांच्या हातात काहीही नव्हते, हे मी स्वतः दाराशी उभे राहून पाहिले. लोक येत नाहीत असे नाही, लोक येतात आणि रिकाम्या हातांनी परत जातात, आणि पुढच्या वेळी त्यांच्यातले काही जण येत नाहीत.

आता ज्या प्रसंगाने माझे डोके फिरले तो सांगतो. माझे आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, वडीलही तिथेच लागले, आणि माझे बालपण रेंज हिल्सच्या क्वार्टरमध्ये भोंग्याच्या वेळेवर गेले. म्हणूनच मला जुन्या ली-एनफील्ड रायफलींविषयी, विशेषतः बंगालमधल्या ईशापूर कारखान्यात बनलेल्या रायफलींविषयी, आयुष्यभर ओढ आहे. महाराष्ट्राच्या पोलिसांच्या खांद्यावर जी ‘थ्री नॉट थ्री’ आपण सर्वांनी पाहिली आहे, तिच्याच कुळातल्या या रायफली. भारताने निकालात काढल्यावर त्या मोठ्या संख्येने अमेरिकेत आल्या. अशी एखादी चांगल्या नळीची रायफल मिळावी म्हणून मी प्रदर्शने हिंडतो, कारण फोटो पाहून ती घेता येत नाही. बोल्टच्या मुठीवर हात ठेवावा लागतो आणि नळीतून उजेड पाहावा लागतो.

एका टेबलावर मला ती दिसली. किंमत ११०० डॉलर, आणि शेजारी लॅमिनेट केलेला कागद: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकाने ब्रह्मदेशात वापरलेली .३०३ रायफल. मी जवळ गेलो आणि दहा सेकंदांत कळले की त्या कागदावरचे एकही विधान खरे नाही. मॅगझिनचा खालचा भाग चौकोनी होता, .३०३ च्या मॅगझिनसारखा उतरता नव्हता. बोल्टच्या मुठीखालच्या पट्टीवर अशोकस्तंभाचे सिंह होते, त्याखाली आर. एफ. आय., म्हणजे रायफल फॅक्टरी ईशापूर, ही अक्षरे, १९६७ हे वर्ष आणि ७.६२ मिलिमीटर असे स्पष्ट कोरलेले होते. ही १९६० च्या दशकात भारताने आपल्या सैन्यासाठी नाटोच्या काडतुसाला अनुरूप बनवलेली २ए१ जातीची रायफल होती. जी रायफल महायुद्ध संपून बावीस वर्षे झाल्यावर स्वतंत्र भारतात जन्माला आली तिला ब्रह्मदेशात लढवून आणणाऱ्या या माणसाने त्यावरचा मजकूरसुद्धा वाचलेला नव्हता. अशा रायफली वीस वर्षांपूर्वी याच सभागृहात दीडशे डॉलरला मिळत हे मला आठवते. आज त्या पाचशेच्या आसपास जातात, आणि चांगली असेल तर तेवढे मी आनंदाने दिले असते. वरचे सहाशे डॉलर त्या खोट्या कागदाचे होते.

मी शांतपणे त्याला खूण दाखवली. तो म्हणाला, आपण तीस वर्षे हा धंदा करत आहोत. मी नळी पाहू का म्हणून विचारले, कारण सुरक्षेसाठी बोल्टमधून प्लॅस्टिकची पट्टी ओवलेली असते आणि ती काढल्याशिवाय नळीतले काहीच दिसत नाही. आधी घ्यायचे ठरवा, मग पट्टी कापू, असे उत्तर आले. म्हणजे ११०० डॉलरची वस्तू न पाहता घ्यायची! लहानपणी वडील मला रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात नेत, तिथे पोत्यावर बसलेला म्हातारा गंजलेला पानाही हातात देऊन, फिरवून पाहा, मग बोला, असे म्हणत असे, आणि त्या बाजारात शिरायला कुणी तिकीट मागत नव्हते.

मग त्याने मला नागरिकत्वाविषयी विचारले. मी भाव विचारण्याआधी नाही, अर्ज मागितल्यावर नाही, तर त्याची चूक दाखवल्यानंतर विचारले. मी चौदा वर्षांपासून या देशाचा नागरिक आहे, आणि अर्जावर तो प्रश्न असतो तिथे मी त्याचे उत्तर नेहमीच देत आलो आहे. हा प्रश्न जिथे खरोखर विचारायला हवा तिथे हेच लोक गप्प बसतात. माझ्या ओळखीचा एक तरुण एच-१बी व्हिसावर आहे. ग्रीन कार्ड असलेल्याला बंदूक घेता येते, पण अशा व्हिसावरच्या माणसाला शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद लागू नसेल तर येत नाही, हे त्या मुलाला माहीत नव्हते. विक्रेत्याला माहीत होते. त्याने शंभर डॉलर अनामत आधी घेतली, अर्ज नंतर पुढे केला आणि व्यवहार मोडल्यावर अनामत परत मिळणार नाही म्हणून सांगितले. चोर तो चोर आणि वर शिरजोर, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

ईशापूरच्या रायफलीकडे मी पाठ फिरवत होतो तेव्हा त्याच टेबलाच्या टोकाला मला एक जुना डबा दिसला, आणि त्यातले काडतूस उचलून बूड पाहिले तर तिथे के आणि एफ ही अक्षरे आणि ४३ हा आकडा. के. एफ. म्हणजे किर्की फॅक्टरी. खडकीचे काडतूस, १९४३ चे. आजोबा त्या वर्षी कामावर होते. मला बोलता येईना. आठवण म्हणून एकच विकत द्याल का, असे मी विचारले. घ्यायचा तर ३२ काडतुसांचा डबा साठ डॉलरला घ्या, सुटे देत नाही, असे तो म्हणाला. आणि डब्यावर जाड पेनाने लिहिले होते: नॉन-कोरोझिव्ह (म्हणजे नळी न गंजवणारी), रायफलीसोबत घ्या. रायफल ७.६२ ची, काडतुसे .३०३ ची, ती त्या रायफलीत जाणारही नाहीत. शिवाय त्या काळच्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमधून, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीतून, असा क्षार नळीत बसतो की तो हवेतला ओलावा ओढून घेतो आणि नळी आतून गंजायला लागते. तेलाच्या चिंधीने तो निघत नाही, पाण्यानेच विरघळतो. हे मला दहाव्या वर्षी घरात जेवताना ऐकून माहीत झाले होते. तीस वर्षे धंदा करणाऱ्याने त्याच्या नेमके उलटे लिहून ठेवले होते.

मी ते त्याला मोठ्याने सांगितले. आजूबाजूच्या चार-पाच जणांनी ऐकले, एक जण हसला, आणि थोड्या वेळाने आयोजकांचा माणूस येऊन मला म्हणाला की विक्रेत्यांना त्रास देऊ नका. तिकिटाचे पैसे परत मागितले तर नियमांच्या फलकाकडे बोट दाखवले. ज्याने खोटा कागद लावला त्याच्या टेबलाकडे तो फिरकलाही नाही, कारण टेबलाचे भाडे त्याने भरलेले आहे.

मी बाहेर आलो तेव्हा पार्किंगमध्ये जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा ट्रकच्या मागच्या फळीवर तोच डबा ठेवून उभा होता. त्याच्या आजोबांकडून त्याला खरीखुरी .३०३ मिळाली होती, आणि संध्याकाळी ती पहिल्यांदा चालवणार होता. मी त्याला थांबवले, डब्यावरच्या शब्दांवर विश्वास ठेवू नकोस म्हणून सांगितले, आणि ही काडतुसे वापरलीच तर त्याच रात्री नळीतून उकळते पाणी ओतून, कोरडी करून, मगच तेल लावायचे, हे त्याच्या फोनमध्ये लिहून घ्यायला लावले. त्याने सगळे नीट ऐकले, आभार मानले, आणि डब्यातले एक काडतूस काढून माझ्या तळहातावर ठेवले.