आधी उचकटणे, मग लावणे

दीड वर्षाच्या मुलाला मोजे घालता येत नाहीत, पण काढता येतात. दोन्ही पायांत मोजे चढवून तुम्ही बूट शोधायला वळता, तेवढ्यात एक मोजा सोफ्याखाली गेलेला असतो आणि दुसरा तोंडात. मोठी माणसं याला वात्रटपणा म्हणतात. माझ्या मते तो रीतसर अभ्यासक्रम आहे. काढणं आधी, घालणं नंतर. फाडणं आधी, कापणं नंतर. मनोरा पाडणं आधी, रचणं बरंच नंतर. मुलाच्या बोटांना घरच्या घरी वळण लावायचं असेल, तर हाच क्रम मुकाट्याने पाळायचा. म्हणजे सुरुवातीचे बरेच महिने विध्वंस खात्यात मदतनीस म्हणून बिनपगारी काढायचे.

पहिला धडा उपसण्याचा. झाकणाला भोक पाडलेल्या खोक्यात रुमालाएवढे कापडाचे पाच-सहा तुकडे कोंबा आणि प्रत्येकाचं टोक थोडं बाहेर ठेवा. मूल ते ओढून काढेल. तुम्ही परत कोंबा. कोंबण्याचं काम तुमचंच, त्याबद्दल वाद नको. जादूगारासारखी लांब माळ निघावी म्हणून तुकडे एकमेकांना बांधायचा मोह होतो, तो आवरा. लांब पट्टा गळ्याभोवती अडकू शकतो.

खरं तर बोटांना पकडण्यापेक्षा सोडणं अवघड जातं. अंगठा आणि तर्जनीची चिमूट साधारण नवव्या-दहाव्या महिन्यात जमू लागते, पण हातातली वस्तू ठरवून, ठरल्या जागी सोडणं वर्षाच्या आसपास येतं. मग टाकायचा डबा बनवा. डब्याच्या प्लास्टिकच्या झाकणाला गोल भोक पाडा, कडेला चिकटपट्टी लावा आणि बरण्यांची मोठी झाकणं आत टाकायला द्या. भोक झाकणापेक्षा अर्धा-एक सेंटिमीटरच मोठं हवं. फार मोठं झालं तर खेळ मिनिटात आटोपतो, फार घट्ट झालं तर डब्यावर झाकण आपटणं हाच खेळ होतो. गोल भोक जमलं की लांबट फट कापा. झाकण उभं धरून फटीशी जुळवताना मनगट फिरवावं लागतं, आणि खरी मेहनत तिथे आहे. एकदा हे साधलं की घरातली प्रत्येक चपटी वस्तू त्या फटीत जाते. रिमोट, चष्मा किंवा महत्त्वाचा कागद सापडत नसेल, तर घरच्यांवर आरोप करण्याआधी डबा उलटा करा.

मुलाच्या हाती काय द्यायचं, याची परीक्षा टॉयलेट पेपर संपल्यावर उरलेल्या पुठ्ठ्याच्या नळीने घ्या. नळीतून आरपार जाणारी वस्तू तीन वर्षांच्या आतल्या मुलाला द्यायची नाही, कारण ती घशात अडकू शकते. बटणासारखे चपटे सेल आणि छोटी लोहचुंबकं तर घरात असली तरी मुलाच्या नजरेलाही पडू नयेत.

चिकटपट्टीचा खेळ माझ्या विशेष आवडीचा, कारण त्यात मूल चार-पाच मिनिटं एका जागी असतं. कागदी चिकटपट्टीचे बोटभर लांबीचे तुकडे ट्रेवर चिकटवायचे आणि प्रत्येकाचं एक टोक सेंटिमीटरभर आत दुमडायचं. ते दुमडलेलं टोक चिमटीत धरून मूल पट्टी ओढतं. टोक दुमडलं नाही तर नख लागत नाही आणि आरडाओरडा होतो. पारदर्शक पट्टी नको, ती मुलाला दिसत नाही आणि तुम्हाला निघत नाही. स्टिकर देताना त्यांच्याभोवतीचा फालतू चिकट कागद आधी काढून टाका. मग स्टिकरची कड मोकळी होते आणि छोट्या बोटांनाही उचलता येते. ती कुठे चिकटतील हे मात्र विचारू नका.

पाण्याचा खेळ सोपा, पसारा मोठा. दोन पसरट भांडी, एकात बोट बुडेल इतकं पाणी, आणि मुलाच्या मुठीत मावेल असा कापलेला स्पंज. भिजवायचा, पलीकडे नेऊन पिळायचा. भांडी धुण्याचा अख्खा स्पंज दिलात तर तो पिळला जात नाही, चोखला जातो. खाली जाड टॉवेल घाला आणि जागेवरून हलू नका. इतक्या थोड्या पाण्यातही मूल बुडू शकतं, म्हणून खेळ संपताक्षणी पाणी ओता.

पिठाचा गोळा: दोन कप मैदा, एक कप मीठ, चमचाभर तेल आणि पाऊण कप कोमट पाणी, तेही थोडंथोडं. चिकटला तर मैदा, भेगा पडल्या तर चमचाभर पाणी. मिठामुळे गोळा टिकतो, पण इतकं मीठ पोटात जाणं धोक्याचं. सगळं तोंडात घालणाऱ्या मुलासाठी बिनमिठाचा मळा आणि त्याच दिवशी टाकून द्या. आकारबिकार करून दाखवायची घाई नको. गोळ्यात मोठी खेळणी पुरून ठेवा. खणून काढायला मजूर तयारच असतो.

कपड्यांचे चिमटेही याच क्रमाने. पुठ्ठ्याच्या कडेला तुम्ही लावायचे, मुलाने ओढून काढायचे. दाबून उघडणं अडीच-तीन वर्षांच्या सुमारास, तेही जुन्या, स्प्रिंग सैल झालेल्या चिमट्यांवर. नवा चिमटा पहिल्यांदा बोटच पकडतो, मग खेळ कायमचा बंद.

मेणखडूच्या बाबतीत मोठ्यांचा उपदेश सुरू होतो: ‘असा नाही, असा धर!’ दीड वर्षाचं मूल खडू मुठीत धरतं आणि तेच बरोबर आहे. जन्मतः मनगटात अजून हाडं नसतात, नुसती कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग असतो. मनगटाची आठही हाडं व्हायला कित्येक वर्षं लागतात. पेन धरायची मोठ्यांसारखी पकड चार ते सहा वर्षांच्या दरम्यान येते. तोवर एवढंच करा: कागद मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला भिंतीवर चिकटवा, म्हणजे मनगट आपोआप मागे वळतं. खडूचे तुकडे केले की मूठ मावत नाही आणि चिमूट वापरावीच लागते, ही युक्ती खरी; पण ते तुकडे नळीच्या परीक्षेत नापास होतात, म्हणून तीन वर्षांपर्यंत जाडजूड अख्खा खडूच बरा. कागद शक्य तितका मोठा घ्या. तरी रेघ भिंतीवर जाणारच.

बटणं आणि चेन यांचंही तेच: मोठं बटण, सैल काज, आणि आधी सोडायला शिकू द्या. चेनीच्या खिटीला रिंग अडकवली की पकडायला सोपं जातं.

शेवटी येतं फिरकीचं झाकण. घट्ट न लावलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या द्या. अडीच-तीन वर्षांपर्यंत मूल त्या फिरवून उघडू लागतं. टाळ्या वाजवा आणि त्याच दिवशी औषधं कुलपात हलवा. ‘मुलांना न उघडणारं’ झाकण म्हणजे मुलांना थोडा जास्त वेळ घेणारं झाकण, एवढाच त्याचा अर्थ. आजी-आजोबांना मात्र ते अजिबात उघडत नाही, त्यामुळे गोळी हवी असली की ते नातवालाच हाक मारतात. तेवढं बंद करा.