'आम्ही जवळून बघतो' म्हणणाऱ्यांना

आंब्याची काढणी सुरू झाली की आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक मजकूर ठरलेला. सार असं: नेपाळी, परप्रांतीय, मुसलमान यांची बाजू लांबचे लोक घेतात, आम्ही रोज जवळून बघतो म्हणून सावध असतो, बाहेरचे ते बाहेरचेच, आपल्यात मिसळत नाहीत. यंदा माझ्याच चुलतभावाने टाकला.

'बाहेरचे' म्हणजे कधीपासूनचे? अल-मसुदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबागजवळच्या चौल बंदरात आला, तेव्हाच तिथे हजारो मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलंय. शिवाजी महाराजांच्या आरमाराचा एक प्रमुख दौलतखान. नेपाळ्यांचं म्हणाल तर १९५० चा करार आहे, इथे राहून काम करायला त्यांना व्हिसा लागत नाही. आणि मुंबईत पहिल्यांदा उतरलेला आपला चाकरमानी तरी कुठे तिथला होता?

'मिसळत नाहीत' हेही तसंच. अलिबागकडे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, तेल गाळत. शनिवारी धर्माने काम वर्ज्य, घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. त्यांच्या धर्मग्रंथात काय आहे ते गावाला ठाऊक नसेल, पण तेल कुठल्या वारी मिळणार नाही ते पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यावर शेजार पिढ्यान्‌पिढ्या चालला.

आता खरा मुद्दा, 'जवळून बघतो'. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये, वेगवेगळ्या गटांतले लोक एकमेकांना भेटले की काय होतं यावरचे ५१५ अभ्यास एकत्र तपासले. बहुतेक ठिकाणी ओळख वाढली तसा पूर्वग्रह कमी झालेला दिसला. जर्मनीच्या पूर्व भागात परदेशी थोडे, त्यांच्यावरचा राग मात्र पश्चिमेपेक्षा जास्त.

पण नुसतं जवळ असणं म्हणजे ओळख नव्हे, हे मी आमच्याच बागेत शिकलो. कलमांच्या राखणीला आमच्याकडे एकामागून एक तीन नेपाळी आले. खोपीत राहायचे, पहाटे गलोल घेऊन वानरांमागे धावायचे. तिघांनाही आम्ही 'बहादूर' म्हणायचो. तिसरा एकदा चहाचा कप धुता धुता म्हणाला, "बहादूर मेरे चाचा का नाम है." दोन हंगाम तो आमच्याकडे होता आणि आम्हाला त्याचं नाव माहीत नव्हतं! मालक-गड्याच्या नात्यात रोजची भेटसुद्धा अशी फुकट जाते. बरोबरीने भेटलं तर ओळखीचा गुण येतो, हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्येच सांगून ठेवलंय.

चुलतभावाला फोन केला. विचारलं, तुझ्या बागेतला राखणदार कसा आहे? "तो तसा नाय रे, घरचाच झालाय." होडीचं इंजिन दुरुस्त करतो तो मोहल्ल्यातला? "तो तर आपलाच!" मग सावध नेमकं कोणापासून राहायचं, विचारलं. जरा थांबून म्हणाला, "ते... दुसरे."

त्या दुसऱ्यांपैकी एकालाही तो अजून भेटलेला नाही.