सदर आजोबा

काल आमच्या वृद्धाश्रमाची तपासणी झाली आणि सात त्रुटी निघाल्या. त्यातल्या पाच आमच्याच नानांनी काढून दिल्या. साहेबांना एकट्याला दोनाच्या वर सापडल्या नसत्या, हे मी शपथेवर सांगते.

नाना, वय 84, महसूल खात्यातले निवृत्त अव्वल कारकून. सकाळची गोळी घेतली का हे त्यांना दुपारी आठवत नाही, पण जुनी परिपत्रकं तारखेसकट तोंडपाठ. साहेब दारात आले, काखेत फाईल, मागे शिपाई, आणि नानांच्या चेहऱ्यावर जे तेज चढलं ते नातवंडं आली तेव्हाही मी पाहिलं नव्हतं. वॉकर न घेता उठले!

"साहेब, आधी मंजूर नकाशा मागा."

"नाना, तुम्ही बसा बरं."

"तू मध्ये बोलू नकोस. तपासणी चालू आहे."

साहेब जिना चढू लागले तर नानांनी थांबवलं. "कठडा मोजलात?" मोजला नव्हता. शिपायाकडे टेप नव्हती. नानांनी शिवणाच्या डब्यातली आणवली. मग मोर्चा न्हाणीघराकडे. तिथली आधाराची दांडी हलवून पाहिली, ती हलली.

"लिहा. सदर ठिकाणी आधारदांडी सैल असल्याचे निदर्शनास आले."

साहेब मुकाट्यानं लिहून घेत होते. मी म्हटलं, "अहो नाना, रोज लोंबकळून तुम्हीच सैल केलीत ना ती?"

"हेही घ्या, साहेब. कारणमीमांसा म्हणून."

आगीच्या सिलिंडरपाशी पुन्हा तेच. "जानेवारीचा 'बी' नमुना फायलीला आहे. जुलैचा कुठाय?" ('बी' नमुना म्हणजे आगीची साधनं चालू स्थितीत असल्याचा सहामाही दाखला.) दुपारी हे माझ्या फायली वाचत बसतात, हे मला काल कळलं. मी म्हटलं, जुलैचा जुलैत देऊ, आत्ता मे चालू आहे. "मग तसा शेरा मारा," नाना म्हणाले. साहेबांनी मारला. तीही त्रुटीच धरली.

बरं, नियम तरी एका जागी असावेत! 2007च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचं 19वं कलम म्हणतं, जिल्ह्यात किमान एक, किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य सरकार टप्प्याटप्प्यानं उभारू शकतं. म्हणजे सरकारला मुभा. कठड्याची सक्ती आम्हाला. आमच्यासारख्या खासगी घरांची नोंदणी सक्तीची करणारं दुरुस्ती विधेयक 2019मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, समितीकडे गेलं आणि कायदा न होताच राहिलं. त्यामुळे आमची फाईल म्हणजे गोधडी: विश्वस्त संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडची, आगीचे कागद 2006च्या कायद्याचे. 1949चा नर्सिंग होमचा कायदा आम्हाला लागतो का, हे विचारलं तर एक टेबल हो म्हणतं, शेजारचं नाही म्हणतं, आणि दोघंही "लेखी द्या" म्हणतात. लेखी आम्ही द्यायचं!

आणि हा जो जिना मोजला ना, त्याच्या वर कोणी राहतच नाही. तिथे धान्य आणि जादा गाद्या. रात्री किती माणसं कामावर असतात? अंथरूण ओलं झालं तर बदलायला कोण उठतं? आयाबाई रजेवर गेली की काय करता? एकानंही विचारलं नाही. कमलआजी दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, कोणी आपल्याला काही विचारेल म्हणून, चांगली साडी नेसून. त्यांना ओलांडून सगळे सिलिंडर बघायला गेले. याचा मला अजून राग आहे.

निघताना नानांनी अहवालाची स्थळप्रत मागितली. मला साहेब म्हणाले होते उद्या टपालानं येईल. नानांना जागेवर मिळाली. वर साहेब त्यांना वाकून नमस्कार करून गेले.

आज सकाळी माझ्या टेबलावर कागद. विषय: त्रुटीपूर्ततेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, वगैरे. वर 'स्मरणपत्र क्र. 1', जावक क्रमांक घातलेला, खाली झोकदार सही. पहिलं पत्र न पाठवताच स्मरणपत्र! मी त्यावर 'सकाळची गोळी घेतली का?' असा शेरा मारून आयाबाईच्या हाती परत पाठवला.

पाचच मिनिटांत कागद परत आला. 'सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.'