लोड न देता ‘ओके टेस्टेड’ लिहिता कसं?

“विंडोज करप्ट. फॉरमॅट केले. ओके टेस्टेड.” कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानाने दिलेल्या पावतीवर एवढंच लिहिलंय, खाली शिक्का आणि आठशे रुपये. मशीन घरी आणून जोडलं, गेम लावला आणि पहिल्याच मॅचमध्ये पुन्हा तेच. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, हँग नाही. टक्, आणि सगळं बंद.

विंडोज करप्ट असली तर गेम डेस्कटॉपवर फेकला जातो, मशीन लटकतं, निळा स्क्रीन येतो. ऐन गेममध्ये पंख्यांसकट अख्खं मशीन एका क्षणात मरतं, तेव्हा वीज तुटलेली असते. विंडोजला बिचारीला लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, कारण लिहायलाही वेळ मिळालेला नसतो. पुढच्या वेळी चालू झाल्यावर ती फक्त ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद करते. म्हणजे मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं, बस. ते कारण नव्हे. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधलं या नोंदी बघायचं साधन) उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम, ४१ वर क्लिक, डिटेल्समध्ये बगचेककोड बघा. तिथे ० असेल तर निळ्या स्क्रीनची नोंदच झालेली नाही, आणि मशीन असं पुरतं विझत असेल तर पहिला संशय वीजपुरवठ्यावर घ्यायचा. शेजारी ‘व्हीआ-लॉगर १८’ (हार्डवेअरच्या चुकीची नोंद) दिसला तर प्रोसेसर किंवा ओव्हरक्लॉकच्या (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याच्या) दिशेने जायचं. दोन मिनिटांचं काम आहे. आणि या माणसांनी काय केलं? फॉरमॅट मारून तो लॉगच पुसून टाकला! गेमचे सेव्ह गेले, सेटिंग गेल्या, सी ड्राइव्हवरचं सगळं गेलं, आणि दुखणं जिथल्या तिथे.

टेस्ट काय केली म्हणून विचारलं, तर एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) बाहेर काढून २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला टेकवली, पंखा फिरला, मीटरवर १२.१ व्होल्ट आले, म्हणून एसएमपीएस ओके. अरे, त्याच्यावर लोड, म्हणजे वीज ओढणारं काम, कुठे होता? हिरवी-काळी जोडल्याने एवढंच कळतं की तो चालू होतो. चालू तर तो घरीही होत होता! दिवसभर ब्राउझर चालतो, सिनेमा चालतो. मरतो तो ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर एकदम वीज ओढायला लागले की. १२ व्होल्टच्या लाइनला ५ टक्के सूट असते, ११.४ ते १२.६. ती मोजायची तर लोड चालू असताना मोलेक्सच्या (चार पिनांच्या जुन्या कनेक्टरच्या) पिवळ्या-काळ्या तारेवर मोजा, आणि तरीही मिलिसेकंदाची घसरण साध्या मीटरवर दिसत नाही हे लक्षात ठेवा. मग म्हणे दोन तास यूट्यूब लावून ठेवलं होतं. यूट्यूब! गेममध्ये बंद पडणाऱ्या मशिनला यूट्यूब दाखवून ओके टेस्टेड!

ग्राहकाला एक प्रश्न तरी विचारा. बंद पडल्यावर बटण दाबलं की लगेच चालू होतं का? होत नसेल, मागचा स्विच बंद करून थोडं थांबल्यावरच होत असेल, तर बहुतेक एसएमपीएसचं प्रोटेक्शन (धोका दिसला की त्याला बंद करणारी सोय) पडलंय. आपोआप रीस्टार्ट होत असेल तर आधी रनमध्ये एसवायएसडीएम डॉट सीपीएल टाकून, ॲडव्हान्स्डमधल्या स्टार्टअप अँड रिकव्हरीत ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची टिक काढा, म्हणजे निळा स्क्रीन लपत असेल तर समोर थांबेल. स्क्रीन काळा होऊन पंखे मात्र जोरात घोंघावत राहत असतील, तर आधी ग्राफिक कार्ड आणि त्याच्या केबल बघा. ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींवर औषध एकच, फॉरमॅट.

फुकटची खरी चाचणी ही: एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक कार्डची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर ओढा, गेमचे फ्रेम सेकंदाला ६० वर बांधा, आणि त्याच गेमचा तोच भाग खेळा. बंद पडणं थांबलं तर गुन्हेगार जवळजवळ सापडला. मग ओसीसीटी या चाचणीच्या सॉफ्टवेअरने नुसता प्रोसेसर ताणा, नुसतं कार्ड ताणा, शेवटी पॉवर टेस्टने दोन्ही एकदम. एकेकटे टिकतात आणि जोडीने मरतात, तर एसएमपीएस. फक्त कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या डब्यावर ही शेवटची टेस्ट चालवू नका, तो जाताना मदरबोर्डही घेऊन जाईल.

आणि तो डबा! बाजूला ४५० छापलेलं, खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर. गुणाकार करा, २१६ वॅट. आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक कार्ड एकटं १७० मागतं, आय-५ १२४००एफ प्रोसेसर टर्बोत (पूर्ण वेगात) ११७ पर्यंत जातो. २८७ झाले, पंखे आणि ड्राइव्ह अजून बाकी. कार्ड बनवणारे त्याला ५५० वॅटचा एसएमपीएस सांगतात, आणि काउंटरवर “चालतंय हो” म्हणून हाच डबा गळ्यात मारतात. वर कार्डला द्यायला ८ पिन नाही म्हणून साटाचा (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या केबलचा) कन्व्हर्टर. साटाच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, एकूण ५४ वॅट. ८ पिनवर कार्ड १५० पर्यंत ओढू शकतं. ते प्लास्टिक वितळतं, कधीकधी पेटतं. हा कन्व्हर्टर विकायलाच बंदी हवी. दोन ८ पिनच्या कार्डाला एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल द्या, एकाच केबलची दोन तोंडं नकोत.

चांगल्या कंपनीचा आहे, वॅटची बेरीज जुळते, म्हणून एसएमपीएस निर्दोष, हेही खरं नाही. आरटीएक्स ३०८० कागदावर ३२० वॅटचं, पण क्षणभरासाठी त्याहून कितीतरी वर उसळतं, आणि जुना एसएमपीएस ते ओव्हरलोड समजून स्वतःला बंद करून घेतो. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात १०० मायक्रोसेकंद दुप्पट वॅट झेलायची अट घातली गेली. ८० प्लसचा बिल्ला कार्यक्षमतेचा आहे, या उसळ्या झेलण्याचा नाही.

दुसरा ठरलेला सल्ला, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमध्ये लावायचा लेप) बदला. अहो, प्रोसेसर तापला की आधी वेग कमी करतो, फ्रेम पडतात, गेम अडखळतो, आणि बंद पडणं त्यानंतर. एचडब्ल्यूइन्फो६४ या सॉफ्टवेअरमध्ये सेन्सरचं लॉगिंग (तापमानाच्या नोंदी) लावा, मरेपर्यंत खेळा, मग फाइलची शेवटची ओळ वाचा. प्रोसेसर ७०, कार्ड ६८ आणि बंद? मग पेस्टची ट्यूब ठेवून द्या. ९५-१०० दिसलं तर कूलरची पुशपिन निसटलीय का, लिक्विड कूलरचा पंप फिरतोय का, हे बघा. स्वस्त बोर्डवर हीटसिंकशिवायच्या व्हीआरएमचं (प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागाचं) तापमानही बघा, तिकडे कोणी ढुंकून पाहत नाही. एसएमपीएसच्या पोटातलं तापमान मात्र बहुतेक वेळा कुठल्याच लॉगमध्ये येत नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपुराकडे खोलीच चाळिशीला टेकते, आणि काही डब्यांचे वॅट २५ अंशांवर मोजलेले असतात. त्यात कॅबिनेट कंप्युटर टेबलाच्या बंद खणात कोंबलेलं, पाठ भिंतीला टेकलेली. अर्ध्या-पाऊण तासाने बंद पडून थंड झाल्यावरच चालू होत असेल तर ते टेबल आधी सोडवा.

यूपीएसबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. वरचंच मशीन आत ३४० वॅट खातं, एसएमपीएस ८५ टक्के कार्यक्षम धरला तर बाहेरून ४००, वर मॉनिटर. वीज आहे तोवर कसंबसं निभतं. शेजारची पाण्याची मोटर सुरू झाली, व्होल्टेज पडलं, यूपीएस बॅटरीवर गेला की त्याच क्षणी गळपटतो. कॅबिनेट थेट भिंतीच्या सॉकेटला लावून खेळून बघा, एक्स्टेन्शन बोर्डही मध्ये नको. हे घरच्या घरी होतं, आणि दुकानात तर यूपीएस आलेलाच नसतो, मग तिथे मशीन “एकदम मस्त चालतं”.

रॅम खोडरबराने पुसा म्हणणाऱ्यांनी कृपया गप्प बसा. रॅम बिघडली तर निळा स्क्रीन येईल, गेम क्रॅश होईल, सहसा असं विझणार नाही. त्यापेक्षा मशीन चालू झाल्यावर पुढच्या पॅनेलची पॉवर स्विचची वायर बोर्डवरून काढून एकदा खेळून बघा, अडकलेलं बटणही मशीन बंद पाडतं.

दुकानदारांनो, तुमच्या फळीवर ६५० वॅटचा चांगला एसएमपीएस पडलेला असतो. तो लावा, ग्राहकाचाच गेम तासभर चालवा, आणि मग शिक्का मारा. पण लावताना त्याच्याच केबल लावा! मॉड्युलर (केबल सुट्या करता येणाऱ्या) एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची वेगळी. केबल काढायचा कंटाळा म्हणून जुन्याच ठेवल्या तर ५ व्होल्टच्या जागी १२ जातात आणि हार्ड डिस्क जळते. ती जळली की पुन्हा पावतीवर “हार्ड डिस्क खराब” लिहून नवी विकू नका, ती तुम्ही भरून द्या.